दुखापतीनंतरचे मन : क्रीडाक्षेत्रातील पुनरागमनाच्या विचाराचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

खेळाडूच्या शरीरास झालेली इजा केव्हा भरून आली हे ठरविण्याची साधने आज विपुल आहेत. हाड सांधले की नाही हे क्ष-किरण सांगतात. सांधा किती अंशांपर्यंत वाकतो हे मोजता येते. दुखावलेल्या पायाचे बळ धडधाकट पायाच्या तुलनेत किती टक्के आले याचाही हिशेब मांडता येतो. तथापि ही सर्व मापे समाधानकारक असूनही खेळाडू मैदानावर परतत नाही, अथवा परतला तरी पूर्वीचा तो राहत नाही, असा अनुभव वैद्यकास वारंवार आला आहे. उलटपक्षी शरीराची कायमची हानी झाली असूनही काही खेळाडू खेळाच्या शिखरावर पोहोचल्याची उदाहरणे आहेत. शरीराचे बरे होणे आणि खेळाडूचे बरे होणे या दोन घटना एक नव्हेत, हे या विसंगतीवरून उघड होते.

या दोहोंमधील अंतराचा पद्धतशीर अभ्यास गेल्या सुमारे सहा दशकांतला आहे. तो अभ्यास कोणत्या वाटांनी पुढे आला, त्याने कोणते शब्द कोठून उसने घेतले आणि त्या उसनवारीमुळे त्याची दृष्टी कोठे स्वच्छ व कोठे गढूळ झाली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विवेचनास आधार म्हणून भारतीय क्रीडेतिहासातील तीन प्रसंग घेतले आहेत. त्यांपैकी दोन प्रसंग अवघ्या नऊ महिन्यांच्या अंतराने घडले आणि त्यांचे धागे एकाच संघात येऊन गुंतले, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

२. प्राचीन पूर्वपीठिका

खेळाडूंवर उपचार करणारा वैद्य ही काही अर्वाचीन काळाची निर्मिती नव्हे. इ. स. १५७ च्या सुमारास गेलन हा ग्रीक वैद्य पर्गामम नगरीतील ग्लॅडिएटरांचा चिकित्सक म्हणून नेमला गेला. त्यांच्या जखमांवरून त्याने शरीररचनेचे पुष्कळसे ज्ञान मिळविले, आणि आपल्या कारकीर्दीत मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे तो अभिमानाने नमूद करतो. परंतु ग्लॅडिएटर पुन्हा रिंगणात उतरण्यास मनाने तयार आहे काय, हा प्रश्न तेथे संभवतच नव्हता. त्याच्या इच्छेला त्या व्यवस्थेत स्थानच नव्हते.

भारतीय वैद्यकात या विषयाशी निगडित असे दोन विचार आढळतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात निरनिराळ्या वर्गांतील श्रेष्ठ गोष्टींची एक लांबलचक यादी आहे. तीत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे. म्हणजे मनाची खिन्नता हा व्याधीचा केवळ परिणाम नसून तिला बळ देणारे कारणही आहे, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. दुसरा विचार सुश्रुताचा. त्याने भग्नाचे सांधा निखळणे आणि हाड मोडणे असे दोन मुख्य प्रकार करून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा उपप्रकार सांगितले. चिकित्सास्थानात, तळहाताचे भग्न बरे होत असताना रुग्णाने आधी मऊ गोळा, मग मातीचा गोळा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रम त्याने घालून दिला आहे. हा क्रम वरवर पाहता स्नायूंचा व्यायाम आहे. परंतु मोडलेल्या हाताला पुन्हा दगड पेलवेल, हा भरवसाही त्याच पायऱ्यांनी परत येतो, हे ध्यानात ठेवावयास हवे. निबंधाच्या अखेरीस या मुद्द्याकडे पुन्हा वळावे लागेल.

३. युद्धभूमीवरील धडे

दुखापतीच्या मानसशास्त्राचे पहिले धडे क्रीडांगणावर नव्हे, तर युद्धभूमीवर गिरविले गेले. अमेरिकन यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल या वैद्याने जखमी सैनिकांचे निरीक्षण केले आणि कापून टाकलेल्या अवयवाच्या जागी जाणवणाऱ्या भासमान अवयवाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. शरीराची एक प्रतिमा मनात असते आणि प्रत्यक्ष शरीर बदलले म्हणून ती प्रतिमा तत्काळ बदलत नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होता.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आघाडीवर काम करीत असलेल्या हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञास एक अनपेक्षित गोष्ट आढळली. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी, विचारले असता, वेदनाशामक औषधाची गरज नसल्याचे सांगितले. १९४६ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे १९५६ साली नागरी रुग्णालयातील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांशी तुलना करून त्याने दाखविले की, सैनिकांपेक्षा पुष्कळ लहान जखम असूनही नागरी रुग्ण अधिक प्रमाणात औषध मागतात. बीचरचे स्पष्टीकरण असे की, सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका, तर नागरिकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया म्हणजे संसारावर आलेले संकट. वेदना जखमेच्या आकारावर अवलंबून नसून जखमेच्या अर्थावर अवलंबून असते, असे या सिद्धान्ताचे सार सांगता येईल. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्ताने मज्जारज्जूतील वेदनेच्या वाहतुकीवर मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही अंमल चालतो असे प्रतिपादन केले आणि बीचरच्या निरीक्षणास शारीरक्रियेचा आधार पुरविला.

खेळाडूची स्थिती बीचरच्या सैनिकाच्या अगदी उलट असते. त्याच्या दृष्टीने दुखापत म्हणजे सुटका नव्हे, हद्दपारी होय. जेथे त्याला जावयाचे आहे तेथूनच ती त्याला बाहेर काढते. म्हणून बीचरचा नियम मान्य केला तर खेळाडूची लहान दुखापतही मोठी का ठरते, हे समजण्यास अडचण पडत नाही.

याच युद्धाने आणखी दोन देणग्या दिल्या. पहिली लुडविग गुटमान यांची. नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेल्या या मज्जातंतुतज्ज्ञाने १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथे पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. अशा रुग्णांचा मृत्यू थोडक्या काळात ओढवतो, अशीच त्या काळी समजूत होती. गुटमान यांनी शरीराच्या शुश्रूषेबरोबर खेळ हाही उपचाराचा भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. १९६० च्या रोम येथील स्पर्धांत तिचे रूप आंतरराष्ट्रीय झाले आणि पुढे तिलाच पॅरालिंपिक हे नाव रूढ झाले. येथे क्रीडा हे दुखापतीचे कारण नसून दुखापतीवरील औषध आहे, हा दृष्टिपालट महत्त्वाचा होय.

दुसरी देणगी टमारा डेंबो, बिअट्रिस राइट व त्यांच्या सहकाऱ्यांची. युद्धात अवयव गमावलेल्यांच्या प्रदीर्घ मुलाखतींवर आधारलेले त्यांचे लेखन १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि राइट यांनी १९६० साली त्या विचारास ग्रंथरूप दिले. त्यांतील एक कल्पना विशेष मार्मिक आहे. ज्यांची हानी झाली नाही असे लोक हानी झालेल्याने दुःखी असावे अशी अपेक्षा बाळगतात. तो हसतमुख दिसला तर ते त्याच्या हसण्यावरच संशय घेतात. या ‘शोकाच्या अपेक्षे’चा उगम जखमी माणसाच्या मनात नसून पाहणाऱ्याच्या मनात आहे, असे या अभ्यासकांनी दाखविले. क्रीडाक्षेत्रातील पुढील चर्चेने हा इशारा बराच काळ दृष्टिआड केला.

४. दोन अपघात : १९६१ आणि १९६२

१ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमधील होव्ह येथे मोटारीच्या अपघातात काचेचा तुकडा शिरून मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ नष्ट झाली. त्या वेळी ते वीस वर्षांचे असून ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. दोन डोळ्यांनी मिळणारी खोलीची जाणीव ही फलंदाजीची मूलभूत गरज मानली जाते, आणि तीच गेली होती. पेल्यात पाणी ओतताना ते मेजावर सांडावे, अशी प्रारंभी त्यांची अवस्था होती. फलंदाजी करताना एका चेंडूऐवजी दोन चेंडू दिसत. त्यांतील आतल्या बाजूचा चेंडू खरा मानून खेळावयाचे, आणि प्रसंगी टोपीची कड उजव्या डोळ्यावर ओढून भ्रामक प्रतिमा झाकून टाकावयाची, असे उपाय त्यांनी स्वतःच शोधून काढले. अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत, डिसेंबर १९६१ मध्ये, दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. आणि जानेवारी १९६२ मध्ये मद्रास येथे, आपल्या तिसऱ्याच कसोटीत, त्यांनी १०३ धावा काढल्या.

या मालिकेत भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर होते, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली. कॉन्ट्रॅक्टर हे दुखापतीपुढे नमणारे खेळाडू नव्हते. १९५९ साली लॉर्ड्‌स येथे बरगडीस चेंडू लागून ती मोडली असताही त्यांनी ८१ धावा केल्या होत्या. मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर बार्बाडोस संघाविरुद्ध खेळताना चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटीस गंभीर इजा झाली. शिरस्त्राणे प्रचारात येण्यापूर्वीचा तो काळ होता. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल रक्तदानासाठी पुढे आले; भारतीय खेळाडूंपैकी पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढील कसोटीत भारताच्या नेतृत्वाची धुरा ज्याच्या खांद्यावर आली तो उपकर्णधार एका डोळ्याने खेळणारा, २१ वर्षांचा पतौडी होता.

यापुढील इतिहास विचार करण्याजोगा आहे. पतौडी एकूण ४६ कसोटी सामने खेळले, त्यांपैकी ४० सामन्यांत ते कर्णधार होते, आणि सहा शतकांसह त्यांनी २७९३ धावा केल्या. त्यांची हानी कायमची होती. कॉन्ट्रॅक्टर प्रकृती सुधारताच प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये परतले आणि १९७०–७१ पर्यंत खेळत राहिले. परंतु ३१ कसोटींची त्यांची संख्या ३१ च राहिली. पुन्हा कसोटी खेळण्याची आपली तयारी होती, धास्ती होती ती निवड करणाऱ्यांना, अशा आशयाचे उद्गार त्यांनी उत्तरायुष्यात जाहीरपणे काढले आहेत.

या दोन प्रसंगांची तुलना करताना एक पथ्य पाळणे अवश्य आहे. निवड समितीची धास्ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. डोक्यावरील दुसरा आघात जीवघेणा ठरू शकतो, हे वैद्यकीय सत्य आहे, आणि काळजी ही भीतीहून वेगळी गोष्ट आहे. तथापि पुनरागमनाचा निर्णय केवळ खेळाडूच्या मनात होत नाही, तो त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या मनातही होतो, हे या उदाहरणावरून नि:संशय सिद्ध होते. पतौडी यांच्या बाबतीत न दिसणारी हानी त्यांनी स्वतःच्या युक्तीने झाकली आणि इतरांचा विश्वास टिकून राहिला. कॉन्ट्रॅक्टर यांच्या बाबतीत सर्वांनी अनुभवलेला अपघात सर्वांच्या स्मृतीत घर करून बसला. एकाची जखम अदृश्य होती, दुसऱ्याची अविस्मरणीय होती.

५. मुष्टियोद्धा ते जलतरणपटू

तिसरा प्रसंग महाराष्ट्रातील आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर हे भूसेनेत असताना मुष्टियुद्धात नावारूपास आले होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्यास इजा झाली आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. मुंबईतील नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबलटेनिस खेळले. आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पद्मश्रीचा मान त्यांना २०१८ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी मिळाला.

पेटकरांची इजा क्रीडांगणावरील नव्हती, तरी प्रस्तुत विषयात तिला महत्त्वाचे स्थान आहे. पतौडी त्याच खेळात परतले. कॉन्ट्रॅक्टर यांना त्याच खेळाच्या सर्वोच्च पातळीवर परतता आले नाही. पेटकर ज्या खेळात होते त्या खेळात परतणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी खेळाडूपण कायम ठेवून खेळ बदलला. पुनरागमन म्हणजे पूर्वस्थितीस जाणे अशी जी सरधोपट कल्पना आहे, ती येथे अपुरी पडते. मुष्टियोद्धा परतला नाही. खेळाडू मात्र परतला.

६. शोकाची परिभाषा आणि तिची मर्यादा

क्रीडामानसशास्त्राची पहिली अमेरिकन प्रयोगशाळा कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात उभारली. परंतु त्या काळच्या अभ्यासाचा रोख कौशल्य, शिक्षण व प्रतिक्रियेचा वेग यांवर होता. दुखापत हा वैद्याचा विषय मानला जाई. दुखापतग्रस्त खेळाडूच्या मनाकडे मानसोपचाराचे लक्ष वेधणारा एक महत्त्वाचा लेख १९६९ साली क्रॉफर्ड लिटल या मनोविकारतज्ज्ञाने प्रसिद्ध केला. ज्यांचे सारे मोठेपण शारीरिक सामर्थ्यावर उभे होते असे काही पुरुष, पूर्वी मानसिक विकाराची कोणतीही खूण नसताना, आजारानंतर अथवा दुखापतीनंतर कोलमडून पडल्याचे त्याला आढळले. त्याने या अवस्थेस ‘वंचनेचे संकट’ मानले. एकाच खांबावर उभारलेले घर तो खांब हलताच ढासळते, असा त्याचा भावार्थ.

त्याच वर्षी, १९६९ साली, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचा मरणासन्न रुग्णांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. नकार, क्रोध, घासाघीस, विषाद आणि स्वीकार या त्यांनी वर्णिलेल्या पाच अवस्था अल्पावधीत लोकप्रिय झाल्या. पुढे काही क्रीडामानसशास्त्रज्ञांनी हीच चौकट जखमी खेळाडूस लागू केली. खेळाडूची दुखापत म्हणजे त्याच्या एका स्वरूपाचा मृत्यू, म्हणून तोही शोकाच्या याच पायऱ्या उतरतो, असे हे प्रतिपादन होते. प्रशिक्षकांस व उपचारकांस ते सोयीचे वाटले, कारण अबोल खेळाडूच्या वागण्यास त्यामुळे नाव मिळाले.

परंतु नाव मिळणे आणि कारण सापडणे यांत अंतर आहे. १९९० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष खेळाडूंच्या निरीक्षणांतून असे दिसू लागले की, निराशा, चीड व चिंता पुष्कळांत आढळतात, पण त्या ठरावीक क्रमाने येत नाहीत, आणि कित्येकांत काही अवस्था मुळीच दिसत नाहीत. ब्रिटन ब्रूअर यांनी १९९४ साली या सर्व प्रतिमानांची चिकित्सा करून अवस्थांच्या चौकटीस पुरेसा पुरावा नसल्याचे दाखविले. या चौकटीचा व्यवहारातील तोटाही लहान नव्हता. जो खेळाडू शांतपणे व्यायामास लागला, तो ‘नकारा’त आहे असे समजले जाण्याचा धोका होता, जो दीर्घकाळ खिन्न राहिला, त्याची खिन्नता ‘अवस्था’ म्हणून दुर्लक्षित राहण्याची भीती होती. डेंबो व राइट यांनी ज्या शोकाच्या अपेक्षेविषयी सावध केले होते, तीच अपेक्षा शास्त्राच्या वेषात परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

दरम्यान दुसरी एक विचारधारा ताणाच्या अभ्यासातून आली. आयुष्यातील मोठे बदल आणि आजार यांचा संबंध टॉमस होम्स व रिचर्ड राहे यांनी १९६७ साली मोजपट्टीवर मांडला होता. १९७५ साली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंस हीच कसोटी लावली. ज्यांच्या आयुष्यात आदल्या वर्षी अधिक उलथापालथ झाली होती, त्यांना अधिक प्रमाणात इजा झाल्याचे दिसले. १९८८ साली मार्क अँडरसन व जीन विल्यम्स यांनी याची कारणमीमांसा केली. ताणाखाली असलेल्या खेळाडूची नजर आखडते, कडेने येणारा धोका दिसेनासा होतो, आणि स्नायू नको तेव्हा आवळले जातात. म्हणजे मन केवळ दुखापतीनंतरच नव्हे, तिच्या आधीही कार्यरत असते.

ब्रूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘खेळाडू म्हणून असलेली स्वप्रतिमा’ मोजण्यासाठी दहा विधानांची प्रश्नावली तयार केली. लिटल यांच्या एकखांबी घराची ही जणू मोजदाद होती. १९९८ साली डायन वीस-ब्योर्नस्टाल व सहकाऱ्यांनी या सर्व धाग्यांची एक वीण घातली. त्यांच्या प्रतिपादनानुसार खेळाडू दुखापतीचा जो अर्थ लावतो त्यावर त्याच्या भावना अवलंबून असतात, भावनांवर त्याचे वर्तन, आणि वर्तनावर पुन्हा अर्थ. हे चक्र व्यक्तीचा स्वभाव व भोवतालची माणसे यांच्या अनुरोधाने वर किंवा खाली फिरत राहते. बीचरच्या सैनिकापासून निघालेला ‘जखमेचा अर्थ’ हा विचार येथे क्रीडांगणावर येऊन पोहोचला.

७. भीतीचे मोजमाप

या अभ्यासाचे सर्वांत निर्णायक फळ म्हणजे पुनर्दुखापतीच्या भीतीला मिळालेली मान्यता होय. पाठदुखीच्या रुग्णांचा अभ्यास करताना १९८३ साली ‘भीती-परिहार’ सिद्धान्त मांडला गेला. वेदना होईल या भयाने रुग्ण हालचाल टाळतो. टाळल्याने शरीर दुबळे होते. दुबळ्या शरीरास वेदना लवकर होते. आणि भय खरे ठरते. १९९० च्या सुमारास हालचालीच्या या भयास स्वतंत्र संज्ञा मिळाली आणि ते मोजण्याची प्रश्नावलीही तयार झाली.

गुडघ्यातील पुढचा फुलीदार अस्थिबंध तुटणे ही फुटबॉल, कबड्डी, बास्केटबॉल, स्कीइंग इत्यादी खेळांतील कुप्रसिद्ध दुखापत आहे. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातील केट वेब्स्टर व सहकाऱ्यांनी २००८ साली बारा प्रश्नांची स्वतंत्र कसोटी सिद्ध केली. तीत भावना, आत्मविश्वास व धोक्याचा अंदाज या तीन अंगांची विचारपूस होते. २०१४ साली क्लेअर आर्डर्न व सहकाऱ्यांनी ६९ शोधनिबंधांतील ७५०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के रुग्ण कोणत्या ना कोणत्या खेळात परतले. पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के परतले. आणि स्पर्धात्मक खेळात केवळ ५५ टक्के परतले. न परतण्याच्या कारणांत पुन्हा इजा होण्याची भीती हे कारण अभ्यासकांना वारंवार भेटते.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. क्रीडेवरील लोकप्रिय लेखनात जिद्दीने परतलेल्यांच्या कथा असतात. नीकी लाउडा १ ऑगस्ट १९७६ रोजी न्यूर्बुर्गरिंगच्या शर्यतीत भाजून मरणाच्या दारी गेले आणि सहा आठवड्यांनी मोंझा येथे चौथे आले, ही कथा सर्वांस ठाऊक असते. परंतु मोंझाच्या सरावात आपल्याला अतोनात भय वाटले होते असे त्याच लाउडांनी पुढे सांगितले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमधील शर्यत मुसळधार पावसात धोकादायक वाटल्यावरून त्यांनी स्वतःहून सोडली, हा भाग सहसा सांगितला जात नाही. त्या निर्णयामुळे विश्वविजेतेपद गेले; पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा विश्वविजेते झाले. भय वाटणे आणि धैर्य असणे या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत, हे या एका उदाहरणावरून दिसून येते.

८. भाषेची साक्ष

या विषयात मराठी भाषेची साक्ष उपेक्षणीय नाही. ‘दुखणे’ हे क्रियापद वेदनेचे आहे आणि तोच शब्द नाम म्हणून आजाराचाही वाचक आहे. खेळताना गुडघा ‘दुखावतो’, आणि अपमानाने मनही ‘दुखावते’. शरीर व मन यांसाठी भाषेने वेगळी क्रियापदे घडविण्याची गरज मानली नाही. जमीन ‘खचते’ तसा माणूसही ‘खचतो’. भीतीसंबंधीचे वाक्प्रचार तर अधिकच बोलके आहेत. माणूस ‘हाय खातो’, ‘कच खातो’, ‘धास्ती घेतो’, ‘धसका घेतो’. या प्रयोगांत भय ही बाहेरून आत घेतलेली, पोटात गेलेली वस्तू आहे. एखाद्याने हाय खाल्ली असे म्हणताना बोलणारा त्याच्या जन्मजात स्वभावाविषयी निवाडा देत नाही. त्याच्यावर आलेल्या एका प्रसंगाचे वर्णन करतो. ‘भित्रा’ हे विशेषण मात्र संपूर्ण माणसावर शिक्का मारते. तालमीत पाय मुरगळलेल्या पैलवानाने ‘धसका घेतला’ असे म्हणणे आणि तो ‘भित्रा झाला’ असे म्हणणे, यांत शास्त्राच्या दृष्टीनेही मोठा भेद आहे. पहिल्या प्रयोगात उपचारास वाव आहे, दुसऱ्यात नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दुखापतीनंतरच्या मनाचा विचार प्रथम युद्धातील जखमी, नंतर मरणासन्न रुग्ण आणि त्यानंतर पाठदुखीचे रुग्ण यांच्यावरून उसना घेतला गेला. प्रत्येक उसनवारीने काही दिले आणि काही झाकले. दुसरी अशी की, पुनरागमन ही एकट्या खेळाडूची कृती नव्हे. वैद्य, प्रशिक्षक, निवड समिती आणि प्रेक्षक यांच्या मनांतील विश्वास वा धास्ती हाही तिचा घटक आहे. कॉन्ट्रॅक्टर यांचा इतिहास याची साक्ष देतो. तिसरी अशी की, परतणे याचा अर्थ एकच नाही. बर्न येथील परिषदेतून निघून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतिपत्राने सरावात सहभाग, स्वतःच्या खेळात प्रवेश आणि पूर्वीच्या क्षमतेने खेळ अशा टप्प्यांची एक सलग वाट मानली, आणि परतण्याचा निर्णय अनेकांनी मिळून घ्यावा असे सुचविले.

या टप्प्यांकडे पाहताना सुश्रुताचा मातीचा गोळा आणि दगड यांची आठवण होते. भयावरचा उपाय म्हणून आज जे क्रमशः सामोरे जाणे सांगितले जाते, त्याचे मर्मही हेच आहे. हाताला दगड पेलतो हे समजावून पटत नाही. मऊ गोळ्यापासून आरंभ करून तो पेलूनच पटते. आणि ज्याच्या हातून तो अखेरपर्यंत पेलला जात नाही, त्याच्याविषयी काय बोलावे हाही या इतिहासाचाच प्रश्न आहे. स्पर्धात्मक खेळात न परतणारे शंभरांतील पंचेचाळीस खेळाडू भित्रे असतात असे मानण्यास या सर्व संशोधनात कोठेही आधार नाही. त्यांपैकी काहींनी धसका घेतला असेल, काहींना संधी मिळाली नसेल, काहींनी विचारपूर्वक दुसरी वाट धरली असेल. हे भेद ओळखणे हे शास्त्राचे कार्य होय. आणि ते ओळखले जाईपर्यंत शिक्का मारण्याचे टाळणे हे समाजाचे.